आता कापायचं नाही

डॉक्टर,

तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. कर्वेनगरातल्या तुमच्या सोसायटीवरून कधीमधी जाणं होतं, तेव्हा मान आपोआप वर जाते. तुमच्या गॅलरीत दुसऱ्या कुणाचे तरी कपडे वाळत असतात. काकू लेकीकडे बंगळूरला राहतात. म्हणजे हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी पत्ता नाही. तरी लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात भाजलेल्या एका मुलीशी माझं बोलणं झालं आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात.

मी कोण हे तुम्हाला सांगायला हवं का, कुणास ठाऊक. स्टोव्हनं भाजलेल्या मुली तुमच्याकडे खूप यायच्या. मी हडपसरची, फिटरची मुलगी. जिची हनुवटी छातीला चिकटली होती ती. वडील अमरावतीकडून कारखान्यात नोकरीला आले होते आणि आम्ही एका खोलीत राहत होतो. त्याच खोलीच्या कोपऱ्यात स्वयंपाक. आई स्टोव्हला पिन मारत होती, मी तिच्या पाठीला चिकटून शाळेच्या सहलीला पाठव म्हणून हट्ट करत होते. मग भडका उडाला. आईनं मला गोधडीत गुंडाळलं, तिचे हातही भाजले. सरकारी दवाखान्यात कित्येक आठवडे काढून मी जगले खरी, पण जखमा भरताना मानेची कातडी आकसत गेली आणि डोकं खालीच ओढलं गेलं. शाळेत फळा दिसायचा नाही. बाई मला पाढे म्हणायला उभं करायच्या आणि मी माझ्या चपलांकडे बघून पाढे म्हणायचे.

कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. पेठेतल्या गल्लीत तुमचं दुमजली नर्सिंग होम होतं, खाली बाकं टाकलेली. त्या बाकांवर दोन प्रकारची माणसं बसायची. एक आमच्यासारखी, ओढणीत नाहीतर टॉवेलात तोंड लपवलेली. दुसरी चांगल्या घरातली, नाकावर पट्टी लावलेल्या मुली, शेजारी त्यांच्या आया. लग्न ठरायच्या आत नाक नीट करून घ्यायला त्या येतात, हे आईला कळलं तेव्हा ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. "एवढं चांगलं तं नाक हाय इचं," ती मला हळूच म्हणाली.

तुम्ही मला टेबलावर बसवलंत आणि विचारलंत, "वर पंखा आहे. दिसतो का?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं. दाखवू."

एवढंच बोललात. आईला तुम्ही फार तुटक वाटलात. मला तुम्ही आवडलात, कारण तोवर भेटलेल्या प्रत्येक मोठ्या माणसानं आधी 'अरेरे' केलं होतं.

मांडीची कातडी काढून मानेला लावलीत. नंतर कित्येक महिने तो कडक पट्टा गळ्यात, दिवसरात्र. तो काढलेला दिसला की तुम्ही चिडायचात. आणि मग एका सकाळी मी टेबलावर बसलेय, तुम्ही माझ्या कपाळावर दोन बोटं ठेवून डोकं हळूच मागे नेता आहात, आणि मला पंखा दिसतोय. पात्यांवर काळी धूळ साचलेली. मी म्हणते, "किती घाण आहे." तुम्ही सिस्टरना हाक मारता. "बघा हो, पेशंट नीट बरी झालेली नाही आणि तक्रारी सुरू. ही आता पुण्याची झाली." त्या दिवशी आई पहिल्यांदा तुमच्यासमोर हसली.

शाळा संपेपर्यंत तुम्ही माझ्यावर आणखी काही ऑपरेशनं केलीत. ओठाचा कोपरा, बगल, मानेचा राहिलेला ताण. उपचारासाठी कारखान्याकडून मिळायचं तेवढंच तुम्ही घेत होतात. वडील वरचं देऊ पाहायचे तर तुम्ही दुसऱ्या पेशंटला आत बोलवायचात. गाल आणि जबड्याची कड मात्र तशीच राहिली, जाड, तपकिरी, डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत. बारावी झाली तेव्हा आई मला घेऊन तुमच्याकडे आली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आता गालाचं करून टाका. पोरीचं लग्न कसं होईन?"

तुम्ही माझ्या कानाच्या पाळ्या बघितल्यात. टोचलेल्या जागी दोन्हीकडे गाठी आल्या होत्या. मांडीवरची कातडी काढलेली जागाही दोरखंडासारखी फुगलेली होती. तुम्ही आईला समजावून सांगितलंत की काही जणांची कातडी अशीच असते, तिला कापलं की ती जखमेपेक्षा मोठा वण तयार करते. मानेचं केलं कारण त्यावाचून हिला जगता आलं नसतं. गालानं हिचं काही अडत नाही. "आता कापायचं नाही," तुम्ही म्हणालात.

मी सतरा-अठरा वर्षांची होते. गालानं माझं काय अडतं हे तुम्हाला कुठून कळणार होतं? मी म्हटलं, "बाहेर बसलेल्यांची नाकं करता. त्यांच्याकडे पैसे आहेत म्हणून."

आईनं माझा दंड दाबला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रागावल्यासारखे अजिबात नाही. "असेल," म्हणालात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलंत. परत येताना बसमध्ये आई सारखी विचारत होती, "आता काहून रडून राहिली?" आणि मला सांगता येत नव्हतं. त्यानंतर पुष्कळ वर्षं मी तुमच्याकडे आले नाही.

मधल्या काळात हडपसर ओळखू येईना असं झालं. ज्या उसाच्या फडांच्या कडेनं आम्ही शाळेत जायचो तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मी संगणकाचा कोर्स केला आणि त्यातल्याच एका इमारतीत कामाला लागले. परदेशातल्या माणसांच्या अडचणी फोनवर सोडवायच्या. मला ती नोकरी फार आवडायची. दिवसभर लोक माझ्याशी बोलायचे आणि माझा चेहरा कुणाला माहीत नसायचा. एक म्हातारे गृहस्थ तर दर वेळी मलाच मागून घ्यायचे. पुढे मला टीम दिली, मग मीटिंगा आल्या, कॅमेरा आला, आणि गाल पुन्हा माझ्याबरोबर कामाला येऊ लागला.

मग एकदा आमच्या कँटीनमध्ये एका नव्या मोठ्या हॉस्पिटलनं मोफत तपासणी शिबिर ठेवलं. रक्तदाब, डोळे, दात, आणि एका टेबलावर 'कॉस्मेटिक सर्जरी'. तिथल्या मुलीनं माझा फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला, आणि माऊस फिरवत माझा वण पुसून टाकला. डॉक्टर, तुम्ही हसाल. पण स्टोव्हच्या आधी मी लहान होते, आणि नंतर कायम वणासकटच होते. मोठी झालेली मी बिनवणाची कशी दिसले असते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती माझ्या मावशीसारखी दिसत होती. मी त्या मुलीला म्हटलं, याचा प्रिंट मिळेल का? ती गोड हसून म्हणाली, "मॅम, प्रिंट बुकिंगनंतर देतो आम्ही."

मी बुकिंग केलं. हप्त्यांची सोय होतीच.

त्या हॉस्पिटलात बाकं नव्हती, सोफे होते. डॉक्टरांच्या आधी एक काउन्सेलर भेटायची. तिनं सगळं समजावलं: वण कापून बारीक टाके, मग लेझरच्या बैठका, सगळं मिळून एक पॅकेज. सर्जन तरुण होते, माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठे. बोलायला सभ्य, हात हलका. त्यांनी मांडीवरचा वण पाहिला. क्षणभर थांबले, असं मला आता आठवतं, पण ते नंतरच्या माहितीमुळेही असेल. दारातून काउन्सेलर डोकावली, पुढचा पेशंट थांबलाय म्हणाली. "थोडी रिस्क असते," ते म्हणाले, "पण चांगला फरक पडेल."

पहिला महिना-दीड महिना फरक खरंच चांगला होता. जबड्याच्या कडेनं एक बारीक गुलाबी रेघ. आई रोज सकाळी ती रेघ बघायची. मग रेघ खाजायला लागली. मग जाड व्हायला लागली, आणि पावसाळा संपेपर्यंत तिथे करंगळीएवढी जाड, लालबुंद गाठ लांबच्या लांब उभी राहिली. पूर्वीच्या वणाच्या दुप्पट. रात्री कूस बदलली तरी आग व्हायची. मी हॉस्पिटलात गेले तर काउन्सेलर म्हणाली की अशा केसेससाठी त्यांच्याकडे वेगळं पॅकेज आहे. तरुण डॉक्टर त्या दिवशी ऑपरेशनमध्ये होते. त्याच्या पुढच्या खेपेलाही होते.

मग मी तुमच्याकडे आले. नर्सिंग होम बंद झालं होतं, तिथे मोबाइलचं दुकान होतं. दुकानदारानं कर्वेनगरचा पत्ता दिला. काकूंनी दार उघडलं, तुम्ही आत पेपर वाचत बसला होतात, आणि मी दारात स्कार्फ काढायला तयार नाही.

"ये," तुम्ही म्हणालात. "मान सरळ आहे तुझी. छान."

मग मी स्कार्फ काढला. तुम्ही उठून खिडकीपाशी नेलंत, चष्मा कपाळावर सरकवून बघितलंत, बोटानं दाबलंत. मी वाट बघत होते की आता तुम्ही म्हणाल, मी सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, "रात्री झोप लागते का?" मी नाही म्हटलं आणि रडायला लागले. काकू पाणी घेऊन आल्या, आणि तुम्ही, ज्यांना मी कधी कुणाची समजूत काढताना पाहिलं नव्हतं, ते माझ्या डोक्यावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत उभे राहिलात.

"हे बसेल," तुम्ही म्हणालात. "पूर्ण जाणार नाही. पण बसेल. गाठीत इंजेक्शनं घ्यावी लागतील, दर महिन्याला, आणि ती दुखतात. माझा हात आता कापतो, मी देणार नाही. ज्यानं केलंय त्यालाच बोलावू."

मी म्हटलं, ते येणार नाहीत. तुम्ही फोन लावलात. काय बोललात ते मी ऐकलंय. "मी अमुक. आपण कॉलेजात असताना मी तिथे शिकवायला यायचो, आपल्याला आठवत नसेल. आपली एक पेशंट माझ्याकडे चहाला आली आहे. आपणही या रविवारी चहाला यावं अशी इच्छा आहे." इतक्या आदरानं तुम्ही कुणाशी बोललात म्हणजे समोरच्याची धडगत नाही, हे पुण्यात कुणालाही कळतं.

रविवारी ते आले. दारात उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा होता. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि येत होताही. तुम्ही त्यांना हात धुवायला सांगितलंत. त्यांनी औषध भरलं, आणि सुई गाठीत गेली तेव्हा मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की काकूंनी माझा दुसरा हात धरला. संपल्यावर पोहे आले. कुणी खाईना.

तरुण डॉक्टर ताटलीकडे बघत म्हणाले, "सर, मांडीवरचा वण मी पाहिला होता."

तुम्ही चहाचा कप उचललात.

"मला माहीत होतं. महिन्याच्या शेवटी मीटिंग असते आमची. किती पेशंट आले, त्यातल्या किती जणांनी ऑपरेशन केलं. पडद्यावर सगळ्यांसमोर नावं लावतात. माझं नाव दोन महिने तळाला होतं. घराचं कर्ज आहे, बायकोला दिवस गेले होते." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे कारण नाहीये. नुसतं सांगतोय. मला वाटलं, कदाचित ह्यांना होणार नाही. मला तसं वाटून घ्यायचं होतं."

त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा विचार माझ्या मनात आला आणि मला तो नको होता. आमच्या ऑफिसातही पडद्यावर नावं लागत. मी पण गिऱ्हाइकाला नको असलेली सेवा गळ्यात मारली होती, फोनवर, गोड आवाजात.

तुम्ही चहा संपवलात. "हिनं मला एकदा विचारलं होतं, की मी श्रीमंतांची नाकं का करतो," तुम्ही म्हणालात. मी मान खाली घातली. "त्या नाकांवर नर्सिंग होम चालायचं. हिच्या मानेचा खर्च त्यांनीच भरला. त्यात मला लाज वाटली नाही. ज्यांना हवं होतं त्यांना करून दिलं, नको त्याला हवं आहे असं पटवायला गेलो नाही. पण माझ्या डोक्यावर मीटिंग घेणारा कुणी नव्हता. तो असता तर मी काय केलं असतं, मला सांगता येणार नाही." मग पोह्यांची ताटली त्यांच्याकडे सरकवून काकूंकडे बोट दाखवलंत. "खा. ही बाई पुन्हा विचारत नाही, आणि टाकलेलं तिला चालत नाही."

ते खूप महिने येत राहिले. पहिल्या रविवारनंतर फोन करायची गरज पडली नाही. एकदा बाळाचे फोटो घेऊन आले, एकदा तापात आले तर काकूंनी परत पाठवलं. गाठ मऊ झाली, रंग उतरला, आग थांबली. मी झोपायला लागले. शेवटच्या इंजेक्शनाला तुम्ही आजारी होतात, पलंगावरून बघत होतात, आणि तरीही म्हणालात, "सुई जरा तिरकी धर." ते "हो सर" म्हणाले. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही दोघं शेजारी उभे होतो आणि माझ्या भावानं मला नंतर विचारलं की ते आपले कोण.

ते अजून त्याच हॉस्पिटलात आहेत, डॉक्टर. सोडून गेले असते तर सांगायला जास्त बरं वाटलं असतं. पण ते राहिले, आणि जमेल तिथे नाही म्हणायला लागले. त्यांच्या बरोबरीचे पुढे गेले, ह्यांची खोली मागच्या बाजूला, जिन्यापाशी आहे. भाजलेलं कुणी आलं की पेशंटला ते माझा नंबर देतात. आधी ह्यांच्याशी बोला, मग ठरवा, म्हणतात. व्यवस्थापनाला हे आवडत नाही, पण अजून कुणी अडवलेलं नाही. शनिवारी दुपारी मी त्या जिन्यापाशी बसते. मला लग्नही करता आलं, मुलगी झाली, हे मी येणाऱ्या मुलींना सांगते. सांगितलं की त्यांच्या आया माझ्याकडे एकदम वेगळ्या नजरेनं बघतात.

गेल्या आठवड्यात आली ती मुलगी गॅसच्या स्फोटात भाजलेली. मानेवर ताण, गालावर वण. मी तिला सांगितलं, मानेचं करून घे, त्यानं खूप सोपं होतं. गालाची घाई करू नकोस. माझा जबडा दाखवला, सगळं सांगितलं.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ताई, मानेचं मी चालवून घेईन. मला त्रास गालाचा होतो."

गालानं काही अडत नाही, हे तुमचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. तिची कातडी माझ्यासारखी आहे की नाही हे मला माहीत नाही, ते बघायला डॉक्टर आहेत. आणि तिला त्रास कशाचा होतो हे मी कोण सांगणार? मी फक्त म्हटलं, "मला माहितेय." तिच्या आईनं डबा उघडून आम्हाला चिवडा दिला. तिनं काय ठरवलं ते अजून कळलेलं नाही.

आणि आता एक गोष्ट, जी मी त्या मुलीला सांगितली नाही आणि घरीही नाही. मी सगळ्यांना सांगते की गालाचं मला आता काही वाटत नाही. मागच्या महिन्यात भाचीचं लग्न होतं. मेकअपवालीनं सगळ्यांचं केलं, माझंही केलं, आणि कसल्याशा क्रीमनं वण असा झाकला की दिसेना. लग्नात मी नको तेवढे फोटो काढून घेतले. घरी आल्यावर सगळे झोपले तरी मला तोंड धुवायचं जिवावर आलं. तशीच झोपले. सकाळी उशीच्या अभ्र्यावर गालाचा रंग उतरला होता, एकसारखा, कुठेही डाग नसलेला. तो अभ्रा मी कपाटात घडी घालून ठेवलाय, डॉक्टर. धुवायला टाकलेला नाही.